मादी म्हणून आणलेलं पिल्लू आणि एक्स-रेतलं हाड

साडेसात महिन्यांची बीगल. नाव चेरी. ताईंनी तिला टेबलावर ठेवलं, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "डॉक्टर, हिच्या शूच्या जागेतून काहीतरी लाल बाहेर आलंय. आधी वाटलं लागलं असेल. पण ते कधी आत जातं, कधी बाहेर येतं. चाटून चाटून हैराण झालीय हो."

पाय बाजूला करून पाहिलं. योनीमुख होतं, म्हणजे गोठ्याच्या भाषेत निरण, पण नेहमीच्या जागेपेक्षा बोटभर पुढे, पोटाकडे सरकलेलं. त्यातून शेंगदाण्याएवढं ओलसर, लालबुंद टोक डोकावत होतं. सतत चाटल्यामुळे कडेची कातडी जाड आणि काळपट झालेली. हातमोजा घालून हलकेच दाबून पाहिलं तर आत काहीतरी कडक लागलं. नुसतं मांस इतकं कडक नसतं. एक्स-रे काढला. मादीच्या एक्स-रेत जिथे काहीही दिसायला नको, तिथे तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, स्वच्छ पांढरं हाड होतं.

नर कुत्र्याच्या शिश्नात हाड असतं, हे कुत्रं पाळणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. माणसात ते नाही, कुत्र्यात आहे. मादीतली शिश्निका आणि नरातलं शिश्न गर्भात एकाच कोंभापासून तयार होतात. त्या कोंभाला पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन मिळालं तर तो वाढतो आणि त्यात हाड धरतं. नाही मिळालं तर तो छोटासा राहून आत दडतो. चेरीच्या शिश्निकेत हाड होतं, म्हणजे तिच्या शरीरात कुठेतरी टेस्टोस्टेरॉन तयार होत होतं. बाहेरून मादी, आणि पोटात वृषण असण्याची दाट शक्यता.

ताईंचा पुढचा प्रश्न मला ठाऊक होता. "म्हणजे ही मादी नाहीच का? आम्हाला फसवलं?" या बाबतीत तरी फसवलं नव्हतं. विकताना पिल्लू ज्या वयाचं असतं त्या वयात असा दोष अनुभवी डोळ्यालाही सहसा दिसत नाही. वयात येताना संप्रेरकं वाढतात, कोंभ मोठा होतो आणि मग तो बाहेर डोकावतो. म्हणूनच अशी कुत्री आमच्याकडे साधारण सहा महिन्यांनंतर येतात.

या गटातल्या दोषांना लिंगविकासाचे दोष म्हणतात. आम्ही डॉक्टर मंडळी आपापसात नुसतं डीएसडी म्हणतो. जुन्या पुस्तकांत यांना द्विलिंगी, खरे द्विलिंगी, खोटे द्विलिंगी अशी नावं होती. माणसांच्या डॉक्टरांनी २००६ साली एकमताने ती नावं मोडीत काढली, कारण ती मनाला लागणारी होती आणि रोग समजायला निरुपयोगीही. पशुवैद्यकानेही पुढे तीच नवी पद्धत उचलली. मला ती पटते. "ना धड नर, ना धड मादी" हे ऐकून मालक खजील होतो, पिल्लाला लपवतो, आणि तपासणी राहून जाते.

निरोप कुठे अडला?

लिंग एका क्षणात ठरतं असं आपण धरून चालतो. खरं तर ते निरोपानिरोपीचं काम आहे. पूर्वी गावात निरोप जायचा तसं: एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटच्या घरातल्या माणसाने ऐकून कामाला लागायचं. मधला कुणी विसरला, किंवा शेवटचा माणूस कानाने अधू असला, तर काम होत नाही. कधी असंही होतं की कुणी निरोप दिलाच नव्हता, तरी काम होऊन बसतं.

पहिला निरोप गुणसूत्रांचा. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, आपल्यात ४६. त्यातली दोन लिंगाची: मादीत एक्स-एक्स, नरात एक्स-वाय.

दुसरा निरोप जननग्रंथीला. कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. त्यातला जवळजवळ निम्मा काळ नर पिल्लू आणि मादी पिल्लू आतून सारखंच असतं. जननग्रंथी दोन्हीकडे वळू शकेल अशी, आणि नळ्यांच्या दोन्ही जोड्या हजर: एका जोडीतून गर्भाशय होऊ शकतं, दुसरीतून वृषणातून बीज वाहून नेणारी नलिका. पाचव्या आठवड्याच्या सुमारास वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय नावाचं जनुक थोड्या वेळापुरतं जागं होतं. त्याचं काम एवढंच, की सॉक्स-९ नावाच्या दुसऱ्या जनुकाला उठवायचं. पुढे वृषण घडवायचं सगळं काम सॉक्स-९ पाहतं. एसआरवाय नसेल तर ग्रंथी अंडाशयाच्या वाटेला लागते. तीही आपोआप लागत नाही, तिथेही वेगळी जनुकं राबत असतात.

तिसरा निरोप वृषणाकडून सगळ्या शरीराला, आणि हा दोन जणांच्या हाती जातो. एक टेस्टोस्टेरॉन: ते नराच्या नळ्या टिकवतं, आणि त्याच्यापासून बनणारं आणखी जहाल संप्रेरक बाहेरचे अवयव नराचे घडवतं. दुसरं एएमएच: ते गर्भाशयाची नळी मोडून टाकतं.

हे दोन निरोप वेगवेगळे आहेत, हे कळलं कसं? १९४०च्या दशकात फ्रान्समध्ये आल्फ्रेड जोस्त या शास्त्रज्ञाने आईच्या पोटातल्या सशाच्या गर्भांवर शस्त्रक्रिया केली. गर्भातच वृषण काढून टाकले तर नर पिल्लंसुद्धा मादीच्या घडणीची जन्मली. मग त्याने वृषणाच्या जागी टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकाचा खडा ठेवून पाहिला. नराच्या नळ्या टिकल्या, पण गर्भाशयाची नळी मोडली नाही. म्हणजे ती मोडणारं कुणीतरी दुसरंच होतं. इतक्या इवल्या जिवावर, इतक्या नाजूक जागी हात चालवून निघालेला हा निष्कर्ष आजही माझ्या रोजच्या कामाला येतो. पोटात गर्भाशय असलेला नर कुत्रा समोर आला की मला जोस्तचे ससे आठवतात.

कुणी न सांगता झालेलं काम

चेरीसारखी जी कुत्री येतात त्यांच्यात बहुतेकदा गुणसूत्रं एक्स-एक्सच निघतात. वाय नाही, एसआरवाय नाही. तरी ग्रंथीत वृषणाची ऊती. कधी दोन्ही बाजूंना पूर्ण वृषण, कधी अर्धी ऊती अंडाशयाची आणि अर्धी वृषणाची, म्हणजे मिश्र ग्रंथी. पहिला निरोप "मादी" असाच होता. दुसऱ्या माणसाने तो भलताच ऐकला.

असं का होतं? काही कुत्र्यांमध्ये सॉक्स-९ जनुकाच्या अलीकडच्या भागातला एक तुकडा जास्तीच्या प्रतीत सापडला आहे. हे जनुक चालू-बंद करणारी कळ त्याच्या अलीकडच्या प्रदेशात असते. तिथे गडबड झाली की एसआरवायने न उठवताही ते जागं होतं, असा अंदाज आहे. पण सगळ्याच कुत्र्यांत हा जास्तीचा तुकडा मिळत नाही, त्यामुळे एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही.

हा दोष दोन डझनांहून जास्त जातींमध्ये नोंदला गेला आहे. सगळ्यात आधी आणि सगळ्यात खोलात अभ्यास झाला तो अमेरिकन कॉकर स्पॅनियलमध्ये. त्याखेरीज बीगल, पग, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, वायमरानर, फ्रेंच बुलडॉग. यातल्या बीगल आणि पग आज आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये रोज फिरताना दिसतात, म्हणून हे लिहायला बसलो.

बाहेरून काय दिसतं? योनीमुख पुढे सरकलेलं किंवा वेगळ्याच आकाराचं. शिश्निका मोठी. पाय वर करून मुतणं. इतर माद्यांवर चढणं. दोन वर्षं झाली तरी माजावर न येणं, किंवा माजावर आल्यासारखं वाटूनही गाभण न राहणं. लघवी वारंवार दूषित होणं. आणि काही कुत्र्यांत यातलं काहीच दिसत नाही. नसबंदीसाठी पोट उघडतो तेव्हा अंडाशयाच्या जागी गुळगुळीत, फिकट, जरा जास्तच गोल गाठ हाताला लागते आणि हात थबकतो.

पोटात गर्भाशय असलेला नर

आता उलटी बाजू. मिनिएचर श्नाउझर ही दाढीमिशीवाली छोटी जात. यातल्या काही नरांची गुणसूत्रं एक्स-वाय, वृषण खरेखुरे, शिश्न व्यवस्थित, वागणं नराचं. आणि पोटात दोन शिंगांचं पूर्ण गर्भाशय, ज्याच्या टोकांना अंडाशयाच्या जागी वृषण चिकटलेले.

इथे निरोप निघाला होता. एएमएच तयार होतं, पण ते ऐकणारं ग्राहक-प्रथिन पेशींवर नव्हतं. त्याच्या जनुकात एका अक्षराची चूक आहे, आणि त्या चुकीमुळे प्रथिन बनवण्याचं काम मध्येच थांबतं. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांच्या गटाने ही चूक शोधली. रक्त किंवा गालाच्या आतला फाया देऊन डीएनए चाचणीने ती ओळखता येते.

अशा नरांपैकी साधारण निम्म्यांचे एक किंवा दोन्ही वृषण पोटातच अडकतात. ज्यांचे दोन्ही खाली उतरतात ते इतके नॉर्मल दिसतात की त्यांचं मेटिंग होतं, पिल्लंही होतात. धोका पुढे असतो. पोटातल्या गर्भाशयात पू भरू शकतो, अगदी मादीत भरतो तसाच. आणि पोटातल्या उबेत राहिलेल्या वृषणात गाठ होऊ शकते. त्यातली एक गाठ स्त्रीसंप्रेरक बनवते. मग नराचे स्तनाग्र मोठे होतात, कुशीवरचे केस दोन्ही बाजूंनी सारखे झडतात, दुसरे नर त्याच्या मागे लागतात. हे सगळं एक वेळ चालवून घेता येईल, पण तेच संप्रेरक हाडातला रक्त तयार करणारा मगज दाबून टाकतं. रक्त कमी होतं, हिरड्यांतून आणि कातडीखाली रक्त यायला लागतं. तिथवर पोचलेलं कुत्रं वाचवणं फार कठीण. आठ-नऊ वर्षांचा नर, पोट फुगलेलं, पाणी भसाभसा पितोय, उदास पडून आहे, आणि अंडकोशात एकच गोळी आहे: हे चित्र दिसलं की सोनोग्राफी त्याच दिवशी व्हायला हवी.

बाकीचे प्रकार

गुणसूत्रांची संख्याच चुकलेली कुत्री असतात: ७९ गुणसूत्रांचा एक्स-एक्स-वाय नर, ७७ गुणसूत्रांची एकच एक्स असलेली मादी जी कधी माजावर येत नाही. काही एक्स-वाय कुत्र्यांत वृषण काम करतात, टेस्टोस्टेरॉनही भरपूर, पण शरीराच्या पेशी त्याला दाद देत नाहीत, आणि कुत्रं बाहेरून मादी दिसतं. काही नरांत लघवीचं छिद्र टोकाला न उघडता खालच्या बाजूला कुठेतरी उघडतं. बॉस्टन टेरियरमध्ये हे जास्त आढळतं.

गोठ्याशी नातं असणाऱ्या वाचकाला एक गोष्ट आठवली असेल. गाईला जुळं झालं, एक खोंड आणि एक कालवड, तर ती कालवड बहुतेक वेळा वांझ निघते. जुनी माणसं अशी कालवड ठेवायची नाहीत. तिथे दोन्ही वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि खोंडाचा निरोप कालवडीच्या घरी पोचतो. कुत्रीच्या पोटात सहा-सात पिल्लं असली तरी प्रत्येकाची वार आपापली असते, म्हणून हा प्रकार कुत्र्यांत फार क्वचित.

गाभण कुत्रीला चुकीच्या वेळी संप्रेरकाची इंजेक्शनं दिल्यामुळेही मादी पिल्लं नरासारखी होऊ शकतात. "गाभ टिकावा म्हणून" स्वतःच्या मनाने प्रोजेस्टेरॉनच्या जातीची औषधं टोचली जातात, ती यातलीच. म्हणून आईला गाभणपणात काय दिलं होतं, हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारतो.

आणि सगळ्यात जास्त दिसतं ते वृषण खाली न उतरणं. काही तज्ज्ञ याला या यादीत धरतात, काही वेगळं ठेवतात. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत दोन्ही गोळ्या अंडकोशात हाताला लागायला हव्यात. आपल्याकडे २०१७च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, तेव्हा नर पिल्लू घेताना तिथेच हात लावून बघा. सहा महिन्यांपर्यंत वाट पाहता येते, नंतर नाही. "डॉक्टर, इंजेक्शन देऊन उतरवा ना" अशी विनंती प्रदर्शनात उतरवायच्या कुत्र्यांसाठी होते. मी देत नाही. त्या इंजेक्शनाचा भरवसा नाही, आणि उतरलीच तरी तोच दोष पुढच्या पिल्लांत जाणार.

तपासणी: कापण्याआधी आणि कापल्यानंतर

तपासणीची सुरुवात डोळे आणि बोटं यांनीच होते. मग एक्स-रे, हाडासाठी. सोनोग्राफी मूत्राशय भरलेलं असताना, कारण भरलेल्या मूत्राशयाच्या आडून गर्भाशय शोधणं सोपं जातं. लहान वयात गर्भाशय दोरीसारखं बारीक असतं आणि सोनोग्राफीत निसटतं, म्हणून "दिसलं नाही" याचा अर्थ "नाही" असा घ्यायचा नाही. लघवीची तपासणी प्रत्येकाची करायची. मूत्रमार्ग कुठे उघडतो याची शंका असेल तर रंगद्रव्य सोडून एक्स-रे घ्यावा लागतो. शस्त्रक्रियेच्या वेळी ही माहिती फार मोलाची ठरते.

रक्ताच्या चाचण्यांत दोन कामाच्या. एएमएच मोजलं आणि ते नराच्या पातळीचं निघालं तर शरीरात वृषणाची ऊती आहे. दुसरी, टेस्टोस्टेरॉनची: आधी रक्त घ्यायचं, मग वृषणाला चेतवणारं इंजेक्शन द्यायचं, काही वेळाने पुन्हा रक्त घ्यायचं. पातळी चढली तर वृषण आहे. नुसतं एकदा मोजून उपयोग होत नाही, कारण ते दिवसभर वरखाली होत असतं.

गुणसूत्रांसाठी ताजं रक्त लागतं, हेपॅरिनच्या नळीत, कारण पेशी प्रयोगशाळेत जिवंत वाढवाव्या लागतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजतात. लिंगाची दोन सोडली तर कुत्र्याची उरलेली ७६ गुणसूत्रं सगळी एकाच घडणीची, एका टोकाला बांधलेली, त्यातली बरीच इवलीशी. त्यांना एकमेकांपासून ओळखणं भल्याभल्यांना जड जातं. पण एक्स मोठं आणि मधे बांधलेलं, वाय त्याच घडणीचं पण सगळ्यात चिमुकलं. लिंगाची दोन गुणसूत्रं तेवढी गर्दीतून उठून दिसतात, हे आपलं नशीब. एसआरवाय आहे की नाही हे पीसीआरने वेगळं बघता येतं.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. शस्त्रक्रियेआधी रक्त काढून ठेवा, आणि काढलेल्या ग्रंथी फेकू नका. अंडाशय आहे, वृषण आहे की मिश्र ग्रंथी आहे, याचा शेवटचा निकाल त्या ग्रंथीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच लागतो. हाताला अंडाशय वाटलेली गाठ कापांत मिश्र निघते. दोन्ही बाजू वेगळ्या असू शकतात, म्हणून उजवी आणि डावी वेगवेगळ्या बाटल्यांत, फॉर्मॅलिनमध्ये, नावं लिहून पाठवायची. ग्रंथी कचऱ्याच्या पिशवीत गेली की निदान तिथेच संपलं. असं व्हायला कुणाची दुष्टाई लागत नाही. शनिवारची गर्दी, मालकाची खर्चाची चिंता आणि "काढून टाकलं ना, मग झालं" हा विचार, एवढं पुरतं.

मालकांनी यात एक करावं: "काढलेलं तपासायला पाठवणार ना?" असं भूल देण्याआधी विचारावं. डॉक्टरला राग येत नाही. आलाच तरी विचारावं.

उपचार

उपचार म्हणजे लिंग "दुरुस्त" करणं नव्हे. कुत्र्याला आपण नर की मादी हा प्रश्न पडलेला नसतो. त्याला खाज, जळजळ, दुखणं, ताप हे कळतं. जे दुखतंय ते थांबवायचं आणि जे पुढे जिवावर येईल ते वेळेत काढायचं, एवढंच करायचं असतं.

म्हणून जननग्रंथी आणि गर्भाशय काढणं ही मुख्य शस्त्रक्रिया. ग्रंथी मूत्रपिंडापासून जांघेपर्यंत कुठेही असू शकतात, आणि दोन्ही सापडेपर्यंत पोट बंद करायचं नाही. श्नाउझरसारख्या नरांत गर्भाशयाचं खालचं टोक थेट प्रोस्टेट ग्रंथीत शिरलेलं असतं. तिथे मूत्रवाहिन्या शेजारीच असतात, म्हणून घाई चालत नाही. वृषणात गाठ असेल तर आधी रक्ताची पूर्ण तपासणी. रक्तपेशी खाली गेल्या असतील तर रक्त चढवायची तयारी ठेवूनच भूल द्यायची.

शिश्निकेचं काय? ग्रंथी काढल्यावर टेस्टोस्टेरॉन थांबतं आणि मऊ भाग थोडा आकसतो. हाड मात्र विरघळत नाही. ते टोक आतच राहत असेल, कुत्री चाटत नसेल, तर मी हात लावत नाही. बाहेर राहून सुकत असेल, घासून रक्त येत असेल, तर ते काढावं लागतं. लघवीच्या मार्गात नळी घालून ठेवायची म्हणजे तो कुठे आहे ते सतत कळतं, आणि रक्तस्रावाची तयारी ठेवायची, कारण ती ऊती रक्ताने फुगणारीच असते. नंतर दहा-बारा दिवस गळ्यात कॉलर. हा भाग मालकांना सगळ्यात जड जातो, कुत्र्याहूनही.

शस्त्रक्रिया झाल्यावर बहुतेक कुत्री सर्वसाधारण आयुष्य जगतात. खातात, खेळतात, घर राखतात. चेरीसाठी ताई रडल्या होत्या त्या "आता हिचं काय होणार" म्हणून. तिचं काहीच वाईट होणार नव्हतं. चिंता करायला हवी होती ती तिच्या भावंडांची.

पुढच्या वेताचा हिशेब

अमेरिकन कॉकर स्पॅनियलमध्ये हा एक्स-एक्सचा दोष अप्रभावी पद्धतीने उतरतो हे पैदाशीच्या प्रयोगांतून दिसलं. म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सदोष प्रत मिळाली तरच दोष दिसायची वेळ येते. इतर जातींतही बहुधा तसंच असावं असं धरून सल्ला दिला जातो.

केस पेपरच्या मागे मी मालकांना चौकोन काढून दाखवतो. आई-बाप दोघेही दिसायला ठणठणीत, पण दोघांकडे एकेक सदोष प्रत. आठ पिल्लं झाली, चार नर, चार माद्या, असं धरा. सरासरीने त्या चार माद्यांतल्या एकीला दोन्ही सदोष प्रती मिळतील, आणि दोष फक्त तिच्यातच दिसेल. आठातली एक. चार नरांतल्या एकालाही दोन्ही प्रती मिळतील, पण तो नरच असल्यामुळे त्याच्यात काहीही दिसणार नाही. आणखी दोन नर एकेक प्रत घेऊन फिरतील. म्हणजे चारातले तीन नर तो दोष पुढे नेऊ शकतात, आणि दिसायला तिघेही राजबिंडे. उरलेल्या तीन माद्यांतल्याही दोघी वाहक.

श्नाउझरच्या दोषात हेच गणित उलट्या बाजूने: दिसतो फक्त नरांत, आणि मादी दोन्ही प्रती घेऊनही निरोगी दिसते, माजावर येते, वितेही. फरक एवढाच की तिथे डीएनए चाचणी आहे. पैदास करणाऱ्याने मेटिंगआधी ती केली तर एकही पिल्लू असं जन्मणार नाही. बीगल-पगच्या दोषासाठी अशी भरवशाची चाचणी आज हातात नाही, म्हणून तिथे एकच उपाय: दोष निघालेल्या पिल्लाचे आई-बाप आणि भावंडं पैदाशीतून बाजूला. हे पैदास करणाऱ्याला कडू लागतं, कारण बाप अनेकदा त्याचा सगळ्यात महागडा नर असतो.

चेरीचे रिपोर्ट तीन आठवड्यांनी आले. ७८, एक्स-एक्स. एसआरवाय नाही. डावीकडे वृषण, उजवीकडे मिश्र ग्रंथी. ताईंनी माझ्यासमोरच विकणाऱ्याला फोन लावला. "आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही," म्हणत त्याने फोन ठेवला, आणि नंतर उचलला नाही.

ताई हुशार. पिल्लं घेतलेल्या मालकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर त्यांनी रिपोर्टचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की कुणाला लाज वाटायचं कारण नाही. दोघांनी उत्तर दिलं. त्यातले एक काका चेरीच्या भावाला घेऊन आले. देखणा नर, कान मखमली, अंडकोशात दोन्ही गोळ्या जागच्या जागी. पुढच्या महिन्यात त्याचं पहिलं मेटिंग ठरलं होतं, मादीवाल्यांनी आगाऊ रक्कमही दिलेली.

"पण याला तर काहीच नाही, डॉक्टर," काका म्हणाले.

मी केस पेपर उलटा केला आणि चौकोन काढले. काकांनी चारातल्या तीन नरांवर बोट ठेवून दोनदा मोजलं. मग खिशातून चष्मा काढून तिसऱ्यांदा. कागदाचा फोटो काढून घेतला आणि भावाला घेऊन गेले. आठवड्याने फोन आला: आगाऊ रक्कम परत केली आहे, याच्या नसबंदीसाठी कोणता दिवस आहे?